रिकाम्या ओळीची झील

माझा भाऊ भिवाजी गेला, त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाला रिठदच्या समाजमंदिरात एकाच गोष्टीवर गाडी अडली. भोजनदान ठरलं होतं, भंतेजींना निरोप गेला होता, पाण्याचा टँकरही सांगून झाला होता. पण गाणं कोण म्हणणार?

भिवाजीने जन्मभर गाऊन धम्म सांगितला. लोक त्याला कीर्तन म्हणत, तो स्वतः प्रबोधन म्हणे. हातात खंजिरी, खांद्यावर निळा गमछा, आणि पाऊल असं टाकायचा की मांडवातली म्हातारीसुद्धा बसल्या जागी डोलायची. मी केनवडच्या शाळेत मास्तरीण होते. भिवाजीचा कार्यक्रम जवळपास कुठे असला, की वह्या तपासायच्या तशाच ठेवून एसटी धरायची. भावाचं कौतुक होतं म्हणून नव्हे. त्याचं ऐकून घरी आलं की चार दिवस कोणाशी वाकडं बोलावंसं वाटत नसे.

त्याच्या मागे आम्ही झीलकरी बसायचो. गाणारा ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, ती झील. मी, भावजय बेबी आणि वस्तीतली आणखी पाच-सहा माणसं. पेटीवर निजामुद्दीनभाऊ. रिसोडचे शिंपी, दिवसा मशीन आणि कार्यक्रम असला की पेटी, दोन्ही एकाच तालात चालवतो म्हणायचे.

त्या दिवशी निजामुद्दीनभाऊच म्हणाले, "पेटी मी वाजवतो. पण त्याच्या ओळी कोणी म्हणल्या, तं पेटी बंद."

"मंग गाणं कसं व्हईन, निजामभाऊ?" बेबीने विचारलं.

"झील घ्या ना. झील तं तुमची हाय. थे कोणी नेली काय?"

म्हणून मग खुर्चीवर खंजिरी ठेवली आणि आम्ही तिच्यामागे बसलो. भिवाजी प्रत्येक कार्यक्रम दिव्याच्या गाण्याने संपवायचा. तेल शेजारणीचं, वात मायच्या हातची, पणती कुंभाराची, काडी वाटसराची, असं तो एकेक ओळ टाकत जायचा, आणि दर ओळीला आमची झील एकच, "मंग उजेड कोनाचा गा, उजेड कोनाचा?"

पेटी सुरू झाली. भिवाजीच्या ओळीची जागा आली. मांडव चिडीचूप. पेटी एकटी चालत राहिली, आणि मग आम्ही सगळे एका श्वासात उठलो, "मंग उजेड कोनाचा गा..." मी कोणाकडे पाहिलं नव्हतं. कोणी हात केला नव्हता. पुन्हा रिकामी ओळ, पुन्हा झील. शेवटपर्यंत एकदाही कोणी मागेपुढे झालं नाही.

नंतर चहाच्या वेळी कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. केनवडचे धनराजबुवा, कानाने जरा जड, उशिरा येऊन मागे बसले होते. कप हातात घेऊन मला म्हणाले, "बाई, आज भिवाजीचा आवाज जरा बसला होता का हो?" आणि बोलता बोलता त्यांना आठवलं. बशीत चहा सांडला. कोणी हसलं नाही.

कारण आवाज बसलेलाच होता. मीही तो तसाच ऐकला होता.

आता आमच्या घरात हे बोलायची सोय नाही. आमच्यात भूत नाही, आत्मा नाही, पिंड नाही, कावळा नाही. ते सगळं आमच्या आजोबांनी छप्पन्न साली सोडलं, आणि सोडलं ते सोडलंच. त्यामुळे जे ऐकू आलं, ते घरात ठेवायचं तरी कुठे? बेबीने एकदा आडून आडून भंतेजींना विचारलं, "भंतेजी, आवाज कुठं जातो?" ते म्हणाले, "आवाज येत नाही, जात नाही. कारण असलं की होतो." बेबी म्हणाली, "मंग कारण असलं तं पुन्हा व्हईन का?" भंतेजींनी पाणी मागितलं.

त्या दिवशी एकटी माझी भाची कोरडी राहिली. धम्मदीपा, भिवाजीची मुलगी. ती कोपऱ्यात रेकॉर्डर घेऊन, कानाला हेडफोन लावून बसली होती. हैदराबादेत तिची पीएच.डी. याच विषयात झाली होती: गाणारा थांबतो आणि झील उठते, त्या मधल्या जागेत इतक्या माणसांना एकदम कसं कळतं, की आता आपण?

रात्रीची भांडी उरकत असताना तिने मला गाठलं. "आत्या, खरं सांगा. तुम्हाला ऐकू आलं?"

मी पंचशील म्हणणारी बाई. "आलं," म्हणाले.

"आईला?"

"तिला विचारू नको."

ती हातातली ताटली पुसत राहिली. "सगळ्या मांडवात मीच कान लावून बसले होते, आत्या. नेमकं मलाच नाही."

तिच्या यंत्रात रिकाम्या ओळी रिकाम्याच उतरल्या होत्या. पण तिने मोजून पाहिलं तेव्हा एक गोष्ट निघाली. भिवाजी जिवंत असतानाच्या कार्यक्रमांत आमची झील थोडी इकडेतिकडे व्हायची, कोणी आधी, कोणी नंतर. तो नसताना आम्ही जास्त एकत्र उठलो होतो. दुसऱ्या स्मृतिदिनाला पुन्हा तसंच गाणं केलं, पुन्हा तेच निघालं. ती म्हणायची, ही स्मरणशक्ती आहे, शरीराने पाठ केलेली. मी मान हलवायचे.

याच कामावर तिने परदेशातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉकसाठी अर्ज केला. त्या देशाची भाषा निराळी, पण विद्यापीठ सगळ्या जगाचं, कारभार सगळा इंग्रजीत. वस्तीत हे समजावून सांगणं पीएच.डी.पेक्षा अवघड गेलं.

"डॉक्टर झाली ना पोरगी? मंग आता आनखी काय शिकते?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"शिक्षण नाही काकू, नोकरी आहे. संशोधनाची."

"पर्मनंट हाय का?"

"दोन वर्षांची."

"म्हंजे कंत्राटी!" काकूंनी कपाळाला हात लावला. "येवढं शिकून, येवढ्या दूर जाऊन, कंत्राटीच का वं माय!"

ती नुसती हसली. आधीच्या दोन विद्यापीठांनी नकार कळवला होता. पीएच.डी. होऊन ठराविक वर्षं उलटली, की या जागांसाठी विचारतसुद्धा नाहीत, आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं. हे गेलं तर कुठल्यातरी कॉलेजात तासावर शिकवायचं आणि हा विषय गुंडाळून ठेवायचा. बापाचा आवाज ज्या विषयात होता तो विषय.

मुलाखतीला बोलावणं आलं. ती ऑनलाइन होती, आपल्याकडची दुपार. बेबीने सकाळपासून गल्लीत सांगून ठेवलं, "पोरीची मुलाखत हाय बाप्पा, आज भोंगा लावू नका." गिरणीवाल्याने गिरणी बंद ठेवली. कोंबड्या टोपल्याखाली गेल्या. मला आणि बेबीला आतल्या दारात बसवलं, हलायचं नाही, बोलायचं नाही या अटीवर. धम्मदीपाने पांढरा कुर्ता घातला, हेडफोन लावला आणि ती लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर तिघं होते. एक पिकल्या केसांच्या, चष्मेवाल्या बाई, एक दाढीवाले आणि एक तरुण.

आम्हाला फक्त तिचं बोलणं ऐकू यायचं. ती छान बोलली. माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण सूर कळतो. मग तिने स्मृतिदिनाला म्हटलेल्या दिव्याच्या गाण्याचा तुकडा लावला. आवाज तिच्या कानात आणि त्यांच्या पडद्यापलीकडे. खोलीत काहीच नाही. बेबीचे ओठ हलत होते, ते दोन वर्षं हलतच असतात, आवाज नसतो. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

तुकडा संपला. चष्मेवाल्या बाई हसून काहीतरी बोलल्या, आणि धम्मदीपाच्या पाठीचा कणा एकदम ताठ झाला. नंतर तिने मला सगळं शब्दशः सांगितलं, म्हणून लिहिते. बाई म्हणाल्या होत्या, "मुख्य गायकाचा आवाज थोडा बसलेला आहे, पण फार गोड आहे. मात्र तुम्ही तर म्हणालात की या ओळी रिकाम्या आहेत?"

"रिकाम्याच आहेत," ती म्हणाली.

"मीही ऐकलं," दाढीवाले म्हणाले. "वयस्कर पुरुषाचा आवाज."

तरुणानेही होकारार्थी मान हलवली. त्यांच्याकडे तिने आधी पाठवलेली प्रत होती. ती त्यांनी तिथल्या तिथे लावून पाहिली. तीत ओळी रिकाम्या होत्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढचं मात्र मलाही कळलं, कारण बाईंचा प्रश्न धम्मदीपाने खात्री करायला मोठ्याने परत म्हटला. बाई समजुतीने म्हणाल्या, तुमच्याकडे बाहेर कुठे लाउडस्पीकर वाजत असेल, तो मिसळला असेल, नाही का? वाट अशी मोकळी करून दिली होती. रिठदात दुपारी भोंगा वाजत नाही, असं जगात कोण म्हणेल? मी दारात बसून मनात म्हणत होते, हो म्हण पोरी, हो म्हण, संपव. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली मी.

धम्मदीपाने वळून आमच्याकडे पाहिलं. मग ती पडद्याकडे वळली. "नाही. इथे कुठलाही आवाज नाही. माझी आई आणि आत्या दारात बसल्या आहेत, त्या गप्प आहेत. तुम्ही काय ऐकलंत ते मला माहीत नाही. मला स्वतःला ते कधीच ऐकू आलेलं नाही."

दाढीवाल्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गेलं सगळं, असं मला वाटलं. ज्या संशोधनाचा पाया रिकामी ओळ, ती ओळच रिकामी नाही असं परीक्षक म्हणतात, आणि उमेदवार म्हणते मला माहीत नाही.

पण बाई पुढे झुकल्या. "मी जे ऐकलं ते तुम्हाला सांगू? चाल अशी होती." धम्मदीपाने हेडफोनची वायर ओढून काढली, का ते तिलाही सांगता आलं नाही. आणि आमच्या त्या पत्र्याच्या खोलीत एक गोरी बाई, तोंड मिटून, भिवाजीची ओळ गुणगुणू लागली.

ती ओळ त्या रेकॉर्डिंगात नाही. कुठल्याच रेकॉर्डिंगात तशी नाही. 'काडी वाटसराची' म्हणताना भिवाजी घरी एक हेलकावा घ्यायचा, पायरी उतरताना तोल जावा तसा, आणि कार्यक्रमात मुद्दाम टाळायचा, लोक हसतील म्हणून. बाईंनी तो हेलकावा घेतला. ओळ खाली आली, टेकली, थांबली.

आणि बेबी आणि मी, दोघी, दारातून, खड्या आवाजात:

"मंग उजेड कोनाचा गा, उजेड कोनाचा?"

पडद्यावर कोणी हललं नाही. बाईंनी चष्मा काढला. तरुणाचं तोंड उघडंच होतं. मग दाढीवाले घसा साफ करून म्हणाले, आभारी आहोत, कळवू. पडदा काळा झाला.

"आई!" धम्मदीपा उसळली. "मुलाखत होती ना ती! हलू नका म्हटलं होतं ना!"

"अवं पण त्या बाईनं ओळ टाकली ना," बेबी रडत रडत म्हणाली. "ओळ टाकल्यावर काय तोंड पाह्यत बसाव का?"

"आत्या, तुम्हीसुद्धा!"

झील घेऊ की नको, असा विचार त्या क्षणी डोक्यात आलाच नव्हता. शिंक येते तशी ती आली होती. जन्मभर कीर्तनाला बसलेल्या माणसाला विचारा.

मायलेकी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढचे काही आठवडे कोणी तो विषय काढला नाही. आणि मग एके सकाळी निवडीचं कळलं. बाईंनी वर दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुम्ही जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणालात, म्हणून; आणि दारातल्या दोघींना नमस्कार सांगा. धम्मदीपाने आईला उचलून गरगर फिरवलं. बेबीने गल्लीभर पेढे वाटले. काकूंनी पेढा तोंडात टाकून पुन्हा विचारलं, "पर्मनंट झाली काय?"

जाण्याच्या आधीच तिसरा स्मृतिदिन आला. रिसोडहून निजामुद्दीनभाऊ पेटी घेऊन आले, वस्ती जमली, शेजारच्या गावांतूनही माणसं आली. धम्मदीपा नेहमीच्या कोपऱ्यात. पेटी सुरू झाली. भिवाजीच्या ओळीची जागा आली.

मी थांबले. बेबी थांबली. ती जागा चालत गेली, गेली, आणि मी बाजूला पाहिलं. बेबी माझ्याकडेच पाहत होती. मागे कोणीतरी "मंग" एवढंच म्हणालं आणि गप्प झालं. निजामुद्दीनभाऊंनी फेरा पूर्ण करून पुन्हा जागा आणून दिली. पुन्हा आम्ही चुकलो, एक इकडे, एक तिकडे, शाळेत पोरं कविता म्हणतात तसं. तिसऱ्यांदा त्यांनी भाता मिटला. भर कार्यक्रमात त्यांनी पेटी थांबवलेली मी कधी पाहिली नव्हती.

"आज त्यानं ओळ टाकलीच नाई," ते हळूच म्हणाले.

तिथे नुसती शांतता होती. शेतात दुपारी असते तशी, कोणाची नसलेली.

संध्याकाळी कप विसळता विसळता बेबी मला म्हणाली, "अक्का, त्या बाईच्या तोंडून थो तिकडं गेला."

"बेबी, आपल्यात असं..."

"मले माहीत हाय आपल्यात काय काय नसते. तुमी नका सांगू." तिने कप जोरात उपडा ठेवला. "दोन वर्सं घरात होता. मी सकाळी उठली का हाय असं वाटे. आता भांड्याचाच आवाज येते."

धम्मदीपा चुलीपाशी येऊन बसली. "आई, मी जात नाही. ज्या गोष्टीवर माझी निवड झाली, तीच इथे उरली नाही. तिथे जाऊन मी काय मोजू? आणि तुला अशी एकटी टाकून?"

"अन् इथं राहून काय करशीन? मले पाह्यत बसशीन?" बेबी तिच्याकडे न पाहता म्हणाली. "तुया बापानं तुले शिकवली थे काय चुलीपाशी बसाले? जाय. काय मोजाचं थे तिथं मोज. नाई सापडलं तं तसं सांग त्यायले. खरं बोलून नोकरी भेटली तुले, खरं बोलून गेली तं जाऊ दे."

ती गेली. मी नागपूरपर्यंत सोबत गेले. बेबी आली नाही. दारातून "जयभीम, सांभाळून जाजो" म्हणाली आणि आत वळली.

त्यानंतर मी दर रविवारी केनवडहून रिठदला जाऊ लागले. बेबी बारीक झाली. तिचे ओठ हलायचे थांबले होते. विहारात वंदना म्हणायची, घरी येऊन पोळ्या करायची, पण मध्येच लाटणं थांबवून कान द्यायची आणि मग पुन्हा लाटायची. मी वाचून दाखवायला पुस्तक नेलं, तिने ऐकलं. मी भिवाजीचं गाणं सुरू केलं, तर म्हणाली, "अक्का, नका."

अशाच एका रविवारी दुपारी धम्मदीपाचा व्हिडिओ कॉल आला. तिच्यामागे विचित्र भिंत दिसत होती, सगळीकडे करड्या स्पंजाची लांब टोकं खोलीच्या आत रोखलेली. ती म्हणाली, विद्यापीठातली ही आवाज शोषून घेणारी खोली आहे. इथे बाहेरचं काही येत नाही आणि आतलं काही परत फिरत नाही. टाळी वाजवली तर हातातच मरते. प्रयोगासाठी तिला रोज इथे बसावं लागतं.

"जेवते ना वं?" बेबीने विचारलं.

"जेवते."

"थंडी हाय का?"

"आहे." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आई, एक सांगायचं आहे. आत्या, तुम्ही पण ऐका. मी कोणालाच बोललेले नाही. त्या बाईंनाही नाही."

बेबीने मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

"इथे बसलं की पहिल्यांदा स्वतःचंच ऐकू येतं. रक्त, श्वास, गिळलेलं. ते सगळ्यांना येतं. मग..." ती कुजबुजली. "मग तेल शेजारणीचं."

बेबीच्या चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही.

"बसलेला आवाज हाय?" तिने विचारलं.

"हो."

"घरच्यासारखा हेलकावा घेते?"

"तिथवर जातच नाही, आई. पहिली ओळ टाकतात आणि थांबतात. किती वेळ थांबतात गं! मी श्वाससुद्धा घेत नाही. रोज तेच. पहिलीच ओळ, आणि थांबणं. पुढे जातच नाहीत." तिचा आवाज फाटला. "मला वाटलं होतं, एकदा ऐकू आलं की बरं वाटेल. मला भीती वाटते."

मी काही बोलायच्या आत बेबी म्हणाली, "तू झील घेतली का?"

"काय?"

"झील वं. घेतली का तू?"

"मी कशी घेणार? मला कुठे येते? मी नेहमी रेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात..."

"मंग थो पुढं कसा जाईन?" बेबी म्हणाली, अगदी भाजीत मीठ टाकलं का विचारावं तशी. "ओळ टाकून उभा असंन थो तवापासून. मानसानं मानसाले असं उभं ठेवाव का?"

"आई, माझा सूर..."

"सूर गेला खड्ड्यात. तुया बापाचा तरी कुठं सरळ होता?"

पलीकडे ती हसली की रडली, कळलं नाही. त्या खोलीत दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. तिने दाराकडे पाहिलं, ते बंद होतं. मोबाइल मांडीवर ठेवला असावा, कारण आम्हाला फक्त छताची ती करडी टोकं दिसू लागली.

बराच वेळ काही नाही. बेबीने माझा हात धरला आणि दाबला, तोंड उघडायचं नाही म्हणून.

मग आमच्या पोरीने झील घेतली. उशिरा, घसा कोरडा, अर्धा सूर खाली. "मंग उजेड कोनाचा गा..." ती मध्येच थबकली, आणि मग पुढचं म्हणाली.

बेबी मोबाइलकडे वाकली. "टाकली का त्यानं दुसरी?"

उत्तर आलं नाही. पडद्यावर छत हललं नाही. फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, मग तोही थांबला, कोणाचं तरी बोलणं मध्ये तोडू नये म्हणून माणूस रोखून धरतो तसा.